मुलगा म्हणतो, फोटोग्राफी शिकतो!

बारावीचे निकाल लागले म्हणजे घरोघरी एकच विषय निघतो. जेवणाच्या पंगतीत, ओटीवर, संध्याकाळच्या दिवाबत्तीच्या वेळी, मुलाने पुढे काय करावे याचीच वाटाघाट चालते. कोणी अभियांत्रिकी सुचवितो, कोणी वैद्यक, कोणी स्पर्धा परीक्षा. अशा वेळी एखादा मुलगा, किंवा अलीकडे बहुधा मुलगीच, खाली मान घालून म्हणते, “मला फोटोग्राफी शिकायची आहे.” क्षणभर सर्वत्र शांतता पसरते. मग आजोबा विचारतात, “फोटो काढणे ही काय शिकण्याची गोष्ट आहे? ते तर हल्ली शेंबडे पोरही काढते!” काका कॅमेऱ्याची किंमत विचारतात. आई काही बोलत नाही. परंतु तिच्या मनात पोटापाण्याचा प्रश्न असतो, आणि तोच खरा प्रश्न होय.

आमच्या पाहण्यात या प्रश्नाची दोनच उत्तरे येतात, आणि दोन्ही उतावळेपणाची असतात. एक, मुलाला गप्प बसविणे; दुसरे, कर्ज काढून महागडा कॅमेरा आणि त्याहून महागडी शाळा त्याच्या पदरात टाकणे. या दोहोंमध्ये एक तिसरी वाट आहे. ती दाखवावी म्हणून हा लेख लिहिला आहे, आणि तो लिहिताना आम्ही मुंबई-पुण्याचे घर डोळ्यांपुढे ठेवलेले नाही. यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्या दक्षिणेस, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव आहे. तेथून पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. अशा गावातील मुलाला ही विद्या साधेल काय, आणि साधली तर तिच्यावर त्याचे घर चालेल काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. कॅमेरा सर्वांच्या हाती येतो. पण त्याची वृत्ती होते ती ज्याने त्याला दुसऱ्या एखाद्या विद्येची जोड दिली त्याचीच.

मुंबईचा पहिला वर्ग

छायाचित्रण ही विद्या आपल्याकडे फार उशिरा आली असा एक समज आहे, तो खरा नाही. पॅरिस येथे दागेर याची कृती १८३९ साली जाहीर झाली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली, आणि १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत विद्यार्थ्यांसाठी छायाचित्रणाचा वर्ग उघडला गेला. म्हणजे मुंबई विश्वविद्यालय १८५७ साली जन्मास येण्यापूर्वीच मुंबईचा विद्यार्थी ही विद्या वर्गात बसून शिकू लागला होता!

त्या काळी हे शिकणे म्हणजे अर्धे रसायनशास्त्रच होते. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि ती सुकण्याच्या आत अंधाऱ्या खोलीत धुवावयाची. आपल्या उन्हाळ्यात हा सारा खटाटोप काही मिनिटांत उरकावा लागे. या वर्गातून शिकून निघालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला, आणि त्यांची चित्रे १८६७ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत गेली. धंदा म्हणून छायाचित्रण करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांत त्यांची गणना होते.

त्याच सुमारास मुंबईच्या संस्थेत वावरणारे दुसरे नाव म्हणजे डॉक्टर नारायण दाजी. सुप्रसिद्ध डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे हे बंधू ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. वैद्यकीमुळे रसायनांशी त्यांचा परिचय होता. आणि मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे आज त्या काळाचा पुरावा म्हणून पाहिली जातात. कॅमेऱ्याशेजारी दुसरी विद्या उभी असावी लागते, याचे हे आपल्याकडील पहिले उदाहरण होय.

फाळक्यांचे शिक्षण आणि फाळक्यांचे घर

दादासाहेब फाळके यांचे नाव घेतले की आपल्याला ३ मे १९१३ हा दिवस आणि ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण विद्यार्थ्यांनी त्यांच्या आयुष्याची आधीची पंचवीस-तीस वर्षे अधिक बारकाईने पाहावी असे आम्हांस वाटते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा मुलगा १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे तो बडोद्यास गेला. तेथे सयाजीरावमहाराजांच्या आश्रयाने प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन स्थापिले होते. चित्रकला, शिल्प, छायाचित्रण आणि चित्रे छापण्याच्या निरनिराळ्या कृती फाळके यांनी या काळात हस्तगत केल्या.

इतके शिकून त्यांनी गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा मांडला. तो फळास आला नाही. प्लेगाच्या साथीत पत्नी आणि मूल गेले, आणि फाळके यांनी गाव सोडले. फोटो काढला असता अंगातील शक्ती ओढली जाते, अशा समजुतीपायी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत नसे, असेही त्यांच्या धंद्याविषयी सांगतात. पुढे १९०३ साली ते पुरातत्त्व खात्यात चिकटले; नंतर लोणावळ्यास छापखान्याच्या व्यवसायात पडले; रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीस जाऊन आले. नुसता फोटोग्राफर म्हणून ज्याचे दुकान चालले नाही, त्याच माणसाने छपाई, रसायन, चित्रकला आणि नाट्य यांची एकत्र मोट बांधली, तेव्हा या देशातील एक नवा उद्योग उभा राहिला.

या कथेचा दुसरा भाग घरातील वडीलधाऱ्यांसाठी आहे. भांडवल कोणी देईना, तेव्हा फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील रोपाची वाढ दररोज थोडथोडी टिपून एक छोटेसे चलच्चित्र तयार केले आणि ते दाखवून पैसा उभा केला. त्या पैशाला त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांच्या दागिन्यांची जोड होती. सरस्वतीबाई नुसते दागिने देऊन थांबल्या नाहीत. कच्च्या फिल्मीच्या कडेला भोके पाडणे, रसायने मिसळणे, अंधारात फिल्म धुणे ही सारी कामे त्या शिकल्या; आणि कंपनीतील सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याच गळ्यात होता. घराने मुलाच्या विद्येला पाठिंबा द्यावा म्हणजे काय करावे, याचा धडा येथे आहे. पैसा हा त्या पाठिंब्याचा एक भाग. त्याच्या कामात हात घालून ते समजून घेणे हा दुसरा, आणि अधिक मोलाचा.

तीन अलीकडची माणसे

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर अलीकडच्या पाहू. नवसारी येथे ९ डिसेंबर १९१३ रोजी जन्मलेल्या होमाई व्यारावाला या पारशी बाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, आणि कॅमेरा त्यांनी माणेकशा व्यारावाला यांच्याजवळ हाती घेतला. पुढे त्यांचाच त्यांच्याशी विवाह झाला. ‘बाँबे क्रॉनिकल’ने त्यांची पहिली छायाचित्रे घेतली ती दर चित्रास एक रुपया देऊन. बाईमाणसाचे नाव कोणास ठाऊक नाही, म्हणून आरंभीची कित्येक चित्रे माणेकशांच्या नावाने छापली गेली. १९४२ साली त्या दिल्लीस गेल्या आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील हिंदुस्थान त्यांनी टिपला. ‘पद्मविभूषण’ मिळावयास २०११ साल उजाडले. त्या वेळी त्यांचे वय सत्त्याण्णव वर्षांचे होते. ज्या घरात मुलगी कॅमेरा मागते आहे, त्या घराने एवढे लक्षात ठेवावे, की या विद्येने स्त्रीला कधी परके मानले नाही; परके मानले ते नावाखाली नाव छापणाऱ्यांनी.

दुसरे गौतम राजाध्यक्ष. नटनट्यांच्या मुखचित्रांबद्दल त्यांची कीर्ती. परंतु त्यांचे शिक्षण झाले रसायनशास्त्राचे, मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात. नंतर जाहिरातीच्या कंपनीत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि माणसाचा चेहरा वाचण्याची कला त्या अनुभवातून आली. ते मराठीत लिहीतही सुरेख. २०११ साली ते निवर्तले.

तिसरे आपल्या विदर्भातलेच. सुधारक ओलवे यांचा जन्म अकोल्याचा. वृत्तपत्रांसाठी काम करीत असता मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे आयुष्य त्यांनी कॅमेऱ्याने लोकांपुढे मांडले, आणि २०१६ साली त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली. समाजाची दुखती नस कोठे आहे याचे ज्ञान हीच त्यांच्या कॅमेऱ्याची जोडविद्या.

यंत्र बदलते, दुकान बसते

जोडविद्येवर आम्ही इतका भर का देतो, ते यंत्राच्या इतिहासावरून कळेल. ओली काच गेली आणि कोरडी काच आली, तेव्हा ओल्या काचेवर हात बसलेले कारागीर मागे पडले. ईस्टमनच्या कंपनीने १८८८ साली ‘कोडॅक’ कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा हौशी माणूस स्वतःच बटण दाबू लागला. फिल्मीशिवाय चालणारा पहिला कॅमेरा याच कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली बनविला. एक चित्र नोंदविण्यास त्याला तेवीस सेकंद लागत, आणि चित्र असे अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे! कंपनीने त्या शोधाचा पुरता लाभ घेतला नाही, आणि २०१२ साली तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आपल्या तालुक्याच्या गावी ‘पासपोर्ट फोटो तीन मिनिटांत’ अशी पाटी लावून बसलेल्या कित्येक स्टुडिओवाल्यांची कथा याहून निराळी नाही. त्यांचे अर्धे काम मोबाईलने नेले. आणि आता तर माणूस समोर नसता त्याचे चित्र बनवून देणारी यंत्रेही निघाली आहेत.

म्हणून जो केवळ यंत्र चालवावयास शिकला, त्याची विद्या यंत्राबरोबर जुनी होते. प्रकाश, माणूस, वाघ, खडक, कायदा, इतिहास यांपैकी काहीतरी जो खोलवर जाणतो, त्याच्या हाती यंत्र कोणतेही द्या, त्याचे काम अडत नाही.

पहिले वर्ष घरीच

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. आमची सूचना अशी, की पहिले वर्षभर एक पैसाही कॅमेऱ्यावर खर्चू नये. मुकुटबनच्या घरात वैशाखातील दुपारी दारे-खिडक्या लावून बसण्याचा रिवाज आहेच. एका खोलीत पूर्ण अंधार करावा आणि खिडकीच्या फळीस किंवा काळ्या पुठ्ठ्यास बोराएवढे भोक पाडावे. समोरच्या भिंतीवर अंगणातील कडुनिंब, गोठा, रस्त्याने जाणारी बैलगाडी, सारे उलटे होऊन चालताना दिसेल. कॅमेरा म्हणजे हीच खोली, लहान केलेली. आता आजोबांचा वाचावयाचा चष्मा मागून घ्यावा. तो अधिक दोन नंबरचा असेल तर त्याचे एक भिंग त्या भोकाशी धरून, भिंगापासून अर्ध्या मीटरवर पांढरा कागद धरावा. दूरचे चित्र रेखीव उमटेल. भिंगाचा नंबर आणि अंतर यांचे गणित मुलाला येथे न शिकवता कळते, आणि त्या दिवसापासून आजोबाही या विद्येचे विरोधक राहत नाहीत!

दुसरा धडा उजेडाचा. चित्रात उजेड किती शिरावा हे तीन गोष्टींवर ठरते : छिद्र केवढे, पडदा किती वेळ उघडा, आणि चित्र ग्रहण करणारा पृष्ठभाग किती संवेदनशील. रखरखीत उन्हात आयएसओ १०० ठेवला, तर छिद्राचा अंक १६ आणि पडद्याचा वेळ सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग, हा जुन्या फोटोग्राफरांचा तोंडपाठ आडाखा आहे. छिद्राचा अंक १६ वरून ११ वर आणला की उजेड दुप्पट होतो. मग पडद्याचा वेळ निम्मा करावा, म्हणजे चित्र तितकेच उजळ राहते. साध्या मोबाईलात छिद्र बहुधा कायमचे ठरलेले असते, परंतु वेळ आणि आयएसओ हाताने बदलण्याची सोय पुष्कळ मोबाईलांत असते. ती शोधून काढावी आणि यंत्राला स्वतः हुकूम देण्यास शिकावे. तसेच एक लहान दिवा घेऊन माणसाचा चेहरा एक हात अंतरावरून आणि मग दोन हातांवरून उजळून पाहावा. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो, हा भौतिकशास्त्राचा नियम डोळ्यांना दिसेल.

मोबाईलने घेतलेले चित्र छापण्याजोगे नसते, असे समजू नये. इंचाला तीनशे ठिपके धरले तर चार बाय सहा इंचांच्या चित्रास एकवीस लाख साठ हजार ठिपके पुरतात. आजचा साधा मोबाईलही याहून कितीतरी अधिक देतो. तेव्हा कॅमेरा नाही म्हणून शिकणे अडले, ही सबब चालावयाची नाही.

तिसरा धडा घरच्या पेटीतला. प्रत्येक जुन्या घरात एक ट्रंक असते आणि तिच्या तळाशी पिवळी पडलेली चित्रे : पणजोबांची पगडी, मुंजीचा बटू, नऊवारीत अवघडून बसलेली नवी सून. त्यांतील निम्म्या माणसांची नावे आज एकट्या आजीलाच ठाऊक असतात, आणि आजी गेली की ती माणसे दुसऱ्यांदा जातात. मुलाने आजीशेजारी बसून एकेक चित्र दाखवावे. नाव, नाते, गाव, साल विचारून घ्यावे. आणि ते चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. बॉलपेन वापरू नये, त्याचा वळ पुढे उमटतो. प्लास्टिकात चिकटवून बंद करू नये. चित्रांच्या चांगल्या प्रती करून दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. हे काम सहा महिने नेटाने करणारा मुलगा पुढे टिकेल. ज्याला पंधरा दिवसांत कंटाळा आला त्याचा छंद छंदच राहू द्यावा. परीक्षा घ्यावयाची तर ही घ्यावी, तिला शुल्क पडत नाही.

मुकुटबनच्या आसपास

“आमच्या गावात फोटो काढण्यासारखे आहे तरी काय?” असे पुष्कळ मुले विचारतात. मुकुटबनपुरते उत्तर देतो. याच तालुक्यात शिबला-पारडीकडे २०२१ साली रस्त्याचे काम चालू असता बेसाल्टाचे, जणू कोणी घडविलेले, कोनदार खांब जमिनीतून उघडे पडले. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे असे खांब झाले, हे भूगर्भशास्त्र सांगते. नुसता फोटोग्राफर तेथे सुंदर दगड पाहील; भूगर्भशास्त्र शिकलेला मुलगा शेजारी मोजपट्टी ठेवून, दिशा नोंदवून चित्र घेईल, आणि त्याच चित्राला संशोधक मान देतील. मार्की-मांगली भागात कोळशाच्या खाणी आहेत. २०२२ साली मुकुटबन येथे सिमेंटचा मोठा कारखाना चालू झाला. खाणीच्या प्रगतीची, यंत्रांची, अपघातस्थळांची नोंद ठेवण्यास जाणकार छायाचित्रकार लागतो, पण त्याला यंत्र म्हणजे काय आणि सुरक्षिततेचे नियम कोणते हे आधी ठाऊक असावे लागते.

पांढरकवड्याकडे टिपेश्वरचे अभयारण्य आहे. येथील एक तरुण वाघ २०१९ साली तेराशेहून अधिक किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगेपर्यंत गेला, हे त्याच्या गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे कळले. वाघाचे चित्र घेण्याची हौस हजारोंना आहे. परंतु जंगलातील बहुतेक उपयुक्त चित्रे आज कोणी माणूस घेतच नाही. झाडाला बांधलेला कॅमेरा ती घेतो. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख चित्रे टिपली, आणि त्यांत वाघांची अवघी ७६,६५१ निघाली. पट्ट्यांवरून हा वाघ कोणता हे ओळखणे, हे जीवशास्त्र शिकलेल्या माणसाचे काम. तेथे खरी नोकरी आहे. जीपमध्ये बसून मोठे भिंग रोखण्यात बहुधा खर्चच आहे.

या भागात कोलामांची पोडे आहेत, गोंड आहेत, परधान आहेत. दिवाळीत दंडार रंगते. हे सारे टिपून ठेवण्याजोगे आहे. मात्र विद्यार्थ्याने एक मर्यादा पाळावी. ज्या माणसाचे चित्र घ्यावयाचे त्याला आधी विचारावे, त्याची भाषा थोडीफार शिकावी, आणि छापलेली प्रत त्याच्या घरी नेऊन द्यावी. परक्याने येऊन, आपल्या देवघरात न विचारता शिरून चित्र घेतले तर आपल्याला काय वाटेल? त्यांनाही तेच वाटते.

राहिली लग्ने. गावोगावी छायाचित्रकाराचे पोट मुख्यतः यावरच चालते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण हिशेब नीट करावा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात लग्ने बहुधा होत नाहीत. पौष कोरडा जातो. म्हणजे वर्षाचे निम्मे महिने रिकामे, आणि उरलेल्यांत एकाच तिथीला चार घरची बोलावणी! चित्रे निवडणे, पुस्तक बांधणे, छपाई करणे, जुनी चित्रे दुरुस्त करणे ही कामे ज्याला येतात तोच या रिकाम्या महिन्यांतून तरून जातो.

एक अगदी नवे क्षेत्रही सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांच्या झडतीचे आणि जप्तीचे चलच्चित्रण आवश्यक केले आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, त्याचे चित्रण व्हावे, अशीही तरतूद तीत आहे. हे शास्त्र शिकविणारी शासकीय संस्था नागपूरला आहे. कॅमेऱ्याची आवड आणि विज्ञानाची पदवी यांचा असा मेळ पूर्वी क्वचितच जुळत असे.

शाळा कोणती?

एक वर्ष असे काढल्यावरही ज्याचा निश्चय कायम असेल, त्याने शाळेचा विचार करावा. कलेच्या बाजूने जावयाचे तर नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय जवळचे. मुंबईची १८५७ पासून चालत आलेली जे. जे. परंपरा आहेच. उपयोजित कलेच्या अभ्यासात छायाचित्रण हे एक अंग असते आणि शेजारी रेखाटन, अक्षरलेखन, जाहिरात शिकावयास मिळते. म्हणजे जोडविद्या आपोआप येते. चलच्चित्राच्या छायालेखनाकडे ओढ असेल तर पुण्यास प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली स्थापन झालेली चित्रपट संस्था आहे. पण तेथील छायालेखनाच्या मुख्य अभ्यासक्रमास आधी पदवी लागते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा गांधीनगर येथील छायाचित्रणाचा अभ्यासक्रमही पदव्युत्तर आहे. दहावीनंतरचा, एका वर्षाचा ‘डिजिटल फोटोग्राफर’ हा अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण योजनेत आहे. जवळच्या कोणत्या संस्थेत तो चालतो, ते प्रवेशाच्या वेळी विचारून घ्यावे.

यावरून ध्यानात येईल, की उत्तम शाळांनीच ‘आधी दुसरे काही शिकून ये’ असा दंडक घातला आहे. तेव्हा बारावीनंतर लगेच लाखो रुपये घेऊन सहा महिन्यांत निष्णात करून सोडणाऱ्या जाहिरातींपासून पालकांनी सावध राहावे. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी मागील दोन-तीन वर्षांचे विद्यार्थी आज काय करीत आहेत, एवढे विचारावे. उत्तर मोघम आले तर परत फिरावे.

थोडे कायद्याचे

धंद्यात पडणाऱ्याला तीन कायदे ठाऊक हवेत. पहिला, १९५७ चा स्वामित्वहक्काचा. मोबदला देऊन कोणी आपल्याकडून चित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो. नोकरीत काढलेल्या चित्राचा मालक बहुधा धनी. स्वतःच्या उमेदीने काढलेले चित्र मात्र आपले, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा हक्क हयातीनंतरही साठ वर्षे चालतो. म्हणून लग्नाचे काम असो की कारखान्याचे, चार ओळींचा कागद आधी करावा. दुसरा, ड्रोनचा. २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवावयाचा तर चालकाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वय अठरा पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण असावे लागते. तिसरा, १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा. अभयारण्यात छायाचित्रणासाठी जावयाचे तर परवाना घ्यावा लागतो. हे न शिकता केलेली कमाई एका दंडात जाते.

कॅमेरा कधी घ्यावा? मोबाईलच्या मर्यादा मुलाला स्वतःला अडू लागतील तेव्हा. आणि तोही पहिला जुना, वापरलेला, जाणकाराकडून तपासून. भिंगावर खर्च करावा, डब्यावर नव्हे. कारण डबा चार वर्षांत मागे पडतो आणि चांगले भिंग पुष्कळ वर्षे टिकते. पुस्तकांवर आणि प्रवासावर त्याहून अधिक खर्च करावा.

तेव्हा घरातील मुलगा किंवा मुलगी फोटोग्राफी शिकू म्हणाली तर वडीलधाऱ्यांनी ‘नाही’ म्हणू नये आणि ‘हो’ म्हणण्याचीही घाई करू नये. “बरे, आणि तिच्याबरोबर आणखी काय शिकणार?” असे विचारावे. भूगर्भशास्त्र म्हणो, जीवशास्त्र म्हणो, कायदा, रसायन, इतिहास, चित्रकला काहीही म्हणो. उत्तर आले की त्या मुलाच्या पाठीशी उभे राहावे. उत्तर आले नाही तर रागावू नये. ट्रंकेतील जुनी चित्रे आणि आजी दोन्ही घरीच आहेत. वर्षभर त्याला तेथे बसवावे, आणि मग पुन्हा विचारावे.